मोटारीची पहिली शर्यत आणि आपले जुने रस्ते

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत आजवर संतचरित्रे, कुलदैवतांची माहिती, आडनावांचा शोध अशा विषयांवर लेख येत आलेले आहेत, व ते येणे योग्यच आहे. यंदा मोटारींच्या शर्यतींचा आणि जुन्या रस्त्यांचा इतिहास लिहितो असे मी कळविले, तेव्हा संपादक मंडळातील एका स्नेह्यांनी विचारले, "गुरुजी, शर्यतीचा आणि आपल्या पांचाळ समाजाचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे की, मोटार विलायतेतून आली ती बहुधा लोखंडी सांगाडा आणि यंत्र एवढीच आली. तिच्यावर सागवानी पेटी बांधली ती सुताराने, तिचे मोडलेले पाटे भात्यावर तापवून पुन्हा बाकदार केले ते लोहाराने, पाणी निवविण्याच्या तिच्या पितळी जाळीस डाख दिला तो तांबटाने आणि ती ज्या वाटेने धावली त्या वाटेवरचे मैलाचे दगड घडविले ते पाथरवटाने. सोनार या कामात कोठे बसतो हे मला अद्याप सापडलेले नाही. त्या शाखेच्या बंधूंनी राग मानू नये.

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वेग उभा राहतो. परंतु मोटारीची जी पहिली म्हणून गणली जाते ती शर्यत वेगासाठी नव्हतीच. २२ जुलै १८९४ रोजी फ्रान्समध्ये पॅरिसहून रूआँ या शहरापर्यंत, सुमारे ७९ मैलांची, बिनघोड्यांच्या गाड्यांची स्पर्धा एका वृत्तपत्राने भरविली. अट अशी होती की गाडी निर्धोक असावी, हाकण्यास सोपी असावी आणि प्रवासास स्वस्त पडावी. काउंट द दियों यांची वाफेवर चालणारी गाडी सर्वांच्या पुढे पोहोचली. पण तिच्या भट्टीत कोळसा टाकण्यास वेगळा माणूस लागतो, सबब ती 'हाकण्यास सोपी' नव्हे, असा निर्णय देऊन परीक्षकांनी पहिले बक्षीस पेट्रोलवर चालणाऱ्या पान्हार आणि प्यूजो या दोन कंपन्यांच्या गाड्यांस विभागून दिले. पुढच्याच वर्षी पॅरिस ते बोर्दो व परत अशी १,१७८ किलोमीटरांची शर्यत झाली. तीत लव्हासोर नावाच्या कारागिराने जवळजवळ एकट्याने, ४८ तास ४८ मिनिटे गाडी हाकली व तो सर्वांच्या कितीतरी आधी परतला. तथापि गाडीत चार बैठका हव्यात आणि त्याच्या गाडीत दोनच होत्या, म्हणून पहिले बक्षीस दुसऱ्यास गेले. शाळेतील परीक्षांचे नियम करणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

पुढे मात्र वेगाचे वेड लागले. १९०३ साली पॅरिसहून माद्रिदला निघालेली शर्यत बोर्दो येथेच थांबवावी लागली. रस्ते धुळीचे, दुतर्फा माणसांच्या भिंती, पुढच्या गाडीच्या धुरळ्यात मागच्यास काही दिसेना. कित्येक माणसे प्राणास मुकली, त्यांत मार्सेल रेनो हा नामांकित मोटारवालाही होता. तेव्हापासून गावोगावच्या उघड्या रस्त्यांवरून मोठ्या शर्यती नेण्याची रीत मागे पडली, आणि १९०७ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे केवळ मोटारींसाठी बांधलेले वळणदार, कडेला उंचावत गेलेले काँक्रीटचे मैदान उघडले. ते १९३९ साली युद्धामुळे बंद पडले. परंतु त्या मैदानाचा काही भाग तेथील लोकांनी आजही मोडू दिलेला नाही. त्याच्याशेजारी संग्रहालय आहे. गाडीबरोबर रस्ताही जपावा लागतो हे त्यांस उमगले.

आता आपल्या देशाकडे वळू. आगगाडी आल्यावर आपले मोठमोठे रस्ते एक प्रकारे झोपी गेले होते. १८६० च्या सुमारास लोहमार्ग सोलापुरास पोहोचला, १८६३ साली बोरघाटातील चढाची रेल्वे सुरू झाली, आणि जो माल व जो उतारू पूर्वी रस्त्याने जाई तो डब्यात जाऊन बसला. रस्त्यावर उरली ती जवळपासची बैलगाडी. अशा निजलेल्या रस्त्यांस मोटारीने जागे केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मोटारी दिसू लागल्या. जमशेटजी टाटा हे मोटार घेणाऱ्या पहिल्या हिंदी गृहस्थांपैकी एक होत. १९०४ च्या डिसेंबरात पश्चिम हिंदुस्थानातील मोटारवाल्यांच्या संघाने दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची चाचणी योजिली. ही शर्यत नव्हे, चाचणीच होय. कोणती गाडी आधी पोहोचते यापेक्षा कोणती गाडी कोठे, किती वेळा आणि कशामुळे थांबली याची नोंद अशा चाचण्यांत होत असे, आणि थांबण्याचे गुण वजा होत. हिंदुस्थानच्या उन्हात, धुळीत आणि नदीनाल्यांत विलायती गाडी टिकते की नाही हे पाहणे हा हेतू होता. संस्थानिक हे मोटारींचे मोठे गिऱ्हाईक. त्यांस दाखविण्यासाठीही हा खटाटोप असावा, असे माझे मत आहे.

परंतु आपणां महाराष्ट्रीयांस अधिक जवळची आहे ती १९०८ सालची मुंबई-कोल्हापूर चाचणी. एकूण ६२० मैलांची, सहा घाट ओलांडणारी. तीत रोल्स-रॉईस कंपनीची सहा सिलिंडरांची गाडी उतरली होती. तिला 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचे मोती, असे नाव दिलेले होते. ती वाटेत न अडता पार पडली व पहिली आली. त्यानंतर ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे सरकारांनी विकत घेतली. यंत्रांचा त्यांना विलक्षण नाद; त्यांच्या जेवणाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे पेये घेऊन जात असे, हे ग्वाल्हेरास जाऊन आलेल्या अनेकांनी पाहिले असेल. त्या वेळी कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींची कारकीर्द होती.

या चाचणीच्या हकिकती इंग्रजीत जेथे येतात तेथे सगळा गौरव गाडीचा असतो. ते खोटे नव्हे. पण ते अर्धेच आहे. सन १९०८ मध्ये एखादी मोटार घाटांमागून घाट चढून उतरू शकली, याचा अर्थ ते घाट चढण्याजोगे कोणीतरी आधीच करून ठेवलेले होते. कात्रज, खंबाटकी या घाटांचे चढ काय आहेत हे पुण्याहून साताऱ्यास गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. बोरघाटाचीच गोष्ट घ्या. पेशवाईच्या अखेरपर्यंत त्या घाटातून माल जाई तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, तेथे चाकाची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला. त्यासाठी काळा पाषाण फोडला तो सुरुंगाने आणि हातांनी. कडेचे कठडे, पाणी जाण्याच्या मोऱ्या, पुलांच्या कमानी या छिन्नी-हातोड्याने घडविलेल्या चिऱ्यांच्या. एंजिनाची शक्ती माणसाच्या स्वप्नातही नसताना त्या लोकांनी जो चढ आखला, तो बैलास झेपेल एवढाच ठेवला होता, आणि म्हणूनच पाऊणशे वर्षांनी तो मोटारीसही झेपला. त्या मजुरांची व पाथरवटांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. कमानीवर नाव येते ते साहेबाचे.

मोटारीने रस्त्यांस जागे केले खरे, पण त्यांची नासाडीही केली. त्या काळचे आपले रस्ते मॅकॅडम या स्कॉच गृहस्थाच्या पद्धतीचे: खडीचा थर, वर मुरूम, त्यावर पाणी मारून रूळ फिरविलेला. बैलगाडीची लोखंडी धाव खडी दाबून बसवी; मोटारीचे रबरी चाक मात्र वेगाने जाताना मधला बारीक मुरूम उडवून नेई, आणि खडी उघडी पडे. म्हणून डांबर आले. पण डांबरास पैसा लागतो. तो कोठून आणावा याचा विचार करण्यासाठी १९२७ साली सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅ. मुकुंदराव जयकर होते, हे फार थोड्यांस माहीत असते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ते अधिक ओळखले जातात. रस्ते हा आता केवळ प्रांताचा किंवा लोकल बोर्डाचा विषय राहिलेला नाही, पेट्रोलवर कर बसवून तो पैसा रस्त्यांस लावावा, अशी शिफारस जयकर समितीने केली, आणि त्यातून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला. आज आपण पेट्रोल भरताना जो त्रागा करतो त्याचा उगम येथवर जातो.

आपल्या सोलापूरच्या रस्त्याचा इतिहास तर वेगळ्याच कारणाने वाचण्यासारखा आहे. पुण्याहून सोलापूर, तेथून नळदुर्ग, आणि पुढे हैदराबाद हा मार्ग स्वतंत्र भारतात राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणून ओळखला गेला. २०१० च्या फेररचनेनंतर त्याचा क्रमांक ६५ झाला. परंतु १९४८ पूर्वी सोलापूर हे सरहद्दीवरचे शहर होते. तुळजापूर, नळदुर्ग ही गावे निजामाच्या राज्यात. तुळजाभवानीच्या दर्शनास निघालेल्या सोलापूरकरासही निजामाची हद्द ओलांडावी लागे, आणि करोडगिरीच्या नाक्यावर मालाची तपासणी होई. पलीकडे निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ च्या जूनमध्ये २७ मोटारगाड्यांनिशी उतारूंची वाहतूक सुरू केली. सरकारी मोटार-वाहतुकीचा तो आपल्या देशातील अगदी आरंभीचा प्रयोग होय. त्यांतील आल्बियन कंपनीची एक गाडी हैदराबादेस अजून जपून ठेवलेली आहे.

याच रस्त्याने १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे जनरल चौधरी यांच्या हाताखालील भारतीय फौज सोलापुराहून निघाली. हैदराबाद सुमारे १८६ मैल. पहिलाच अडथळा नळदुर्गजवळ बोरी नदीवरील पुलाचा. तो पूल उडविला गेला असता तर रणगाडे आणि रसदीच्या मोटारी पावसाळी नदीकाठी अडकून पडल्या असत्या. आपल्या सैनिकांनी तो शाबूत हस्तगत केला, आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाडा मुक्तीच्या इतिहासात रझाकारांचे अत्याचार आणि सत्याग्रहींचा त्याग यांचे वर्णन असते, ते असलेच पाहिजे. पण एका दगडी पुलाचे उभे राहणे किती मोलाचे ठरले, हेही मुलांस सांगावे असे मला वर्गात नेहमी वाटे.

त्या काळच्या सर्व्हिस मोटारींविषयी मी जे जाणतो ते पुस्तकातून नव्हे, आजोबांच्या तोंडून. ते मूळचे चाके भरणारे. बाभळीचा तुंबा, त्यात आरे, त्यावर पाटल्या, आणि शेवटी तापवून लाल केलेली लोखंडी धाव चढवून ती पाण्याने एकदम निववायची, म्हणजे ती आकसून चाक आवळून धरते. मोटारी वाढल्या तसे टांगे कमी झाले, आणि आजोबा मोटारींच्या लाकडी पेट्या बांधू लागले. फोर्ड किंवा शेव्हरोलेटचा सांगाडा मालकाने आणून दारात उभा करावा, आणि यांनी त्यावर सागवानाची चौकट, बाके, टप आणि मागे सामानाची शिडी उभारावी. नकाशा नसे. मालक सांगे तितक्या बैठका बसविणे आणि वळणावर गाडी कलणार नाही इतपत उंची ठेवणे हे सारे नजरेने. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. त्या भट्टीतील वायूवर गाडी चाले. चढ आला की उतारूंनी खाली उतरावे, लोटावे, आणि माथ्यावर पुन्हा बसावे. भाडे मात्र पूर्ण. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर अशा गाड्यांची रांग लागे, आणि आजोबा पटाशी, वाकस, किकरे यांची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेलाच बसत. निखळलेली बाके, तुटलेल्या फळ्या तेथल्या तेथे सांधून देत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. पुढे खाजगी सर्व्हिस मोटारी हळूहळू बंद झाल्या, आणि ते कामही गेले.

हे सांगण्याचे कारण असे की जुन्या मोटारी जपण्याचा जो छंद आज मोठ्या शहरांत दिसतो, तो पैशाने उभा राहतो पण हातांनी टिकतो. दिल्लीस 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या मोटारींची फेरी भरविण्यास आरंभ केला. निजामाच्या रेल्वेचा १९१४ सालचा, जॉन मॉरिस कंपनीचा आग विझविण्याचा बंब दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, आणि तो अशा फेऱ्यांत स्वतःच्या चाकांवर चालत गेलेला आहे. संस्थाने विलीन झाल्यावर कितीतरी उत्तम गाड्या कवडीमोलाने विकल्या गेल्या, परदेशी गेल्या. पुढे सरकारने त्या बाहेर नेण्यास बंदी घातली. कोल्हापुरास मात्र राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार अद्याप छत्रपती घराण्याकडे आहे, आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनास ती दसरा चौकात येते तेव्हा लोक सोन्याइतक्याच उत्सुकतेने तिच्याकडे पाहतात. वस्तू जपावी तर अशी, लोकांच्या सणात तिला जागा देऊन, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आपल्या बांधवांपैकी कोणाच्या गोठ्यात वा गोदामात जुनी मोटार पडून असेल, तर त्यांच्या माहितीसाठी सांगतो: १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूप न बदललेली खाजगी दुचाकी वा चारचाकी 'जुने ऐतिहासिक वाहन' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पुनर्नोंदणीस ५,००० रुपये. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या कामास वा भाड्याने चालविता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. तेव्हा भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी थोडा विचार करावा.

गाड्यांसाठी निदान नियम आहेत. रस्त्यांसाठी काय आहे? बोरघाटातील जो पूल खंडाळ्याजवळ उभा होता व ज्यास त्यावरील जाहिरातीमुळे लोक अमृतांजन पूल म्हणत, तो कॅप्टन ह्यूज यांनी १८३० साली बांधलेला. त्यावरून बैलगाड्या गेल्या, डाकेचे टांगे गेले. द्रुतगती मार्ग झाल्यावर तो त्या मार्गावर आडवा राहिला. त्याच्या खांबांमुळे वाट अरुंद होई, कोंडी होई, अपघात होत. शेवटी एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे रस्ता मोकळा असताना, सुरुंग लावून तो पाडण्यात आला. मी याबद्दल सरकारला सरसकट दोष देणार नाही. माणसाचा जीव कमानीपेक्षा मोठा आहे. परंतु १९० वर्षे उभ्या राहिलेल्या त्या कमानीचे चिरे क्रमांक घालून उतरवून घाटात दुसरीकडे उभे करता आले नसते काय? देवळे अशी हलविली गेली आहेत. पूल हलविण्याची कल्पना सुचत नाही, कारण पुलास आपण वारसा मानीत नाही.

मुंबईकरांनी या बाबतीत एक चांगले काम केले आहे. फोर्टातील सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजून इंग्रजांनी शहरात १५ मैलाचे दगड बसविले होते. काही पदपथांत गळ्यापर्यंत गाडले गेले होते, काहींवर रंग चढला होता. गेल्या काही वर्षांत महानगरपालिकेने ते शोधून, उकरून, साफ करून पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले.

आमच्या गावाजवळ पुणे-सोलापूर रस्त्यावर असाच एक दगड होता. किलोमीटरचे माप आल्यावर त्याचे काम संपले होते, तरी तो तेथेच होता. लहानपणी आम्ही त्यावर बसून एस. टी.ची वाट पाहत असू, आणि शेतकरी त्याच्या माथ्यावर विळे घासत, त्यामुळे माथा मध्ये खोलगट झाला होता. रस्ता चौपदरी करण्याचे काम निघाले, दुतर्फा वडा-लिंबाची झाडे तुटू लागली, तेव्हा दगड बाजूला काढून ग्रामपंचायतीच्या आवारात ठेवावा, असा अर्ज मी संबंधित कचेरीत दिला. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. एके दिवशी दगड जागेवर नव्हता. चार वर्षांनी तो सापडला तो एका वस्तीवर, म्हशींच्या हौदापाशी, पालथा, पायरी म्हणून. धन्याने कसलीही हरकत घेतली नाही. उलट त्याच्याच बैलगाडीतून, माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या मदतीने, तो आम्ही शाळेच्या आवारात आणला. अंक अर्धे झिजलेले आहेत, तरी खोदणाऱ्याचा हात कसदार होता हे कोणाही पाथरवटास पाहताक्षणी कळेल.

मंडळाच्या कार्यालयात आपल्या समाजाच्या जुन्या कारागिरीची एक नोंदवही ठेवण्याचे ठरले आहे. ज्यांच्या घरी वाडवडिलांनी बांधलेल्या सर्व्हिस मोटारींची वा टांग्यांची छायाचित्रे, हिशेबाच्या वह्या किंवा हत्यारे असतील, त्यांनी ती पाहण्यास द्यावीत. नक्कल करून मूळ वस्तू पोचपावतीसह परत केली जाईल. ज्यांच्या गावाच्या हद्दीत मैलाचा दगड अजून उभा आहे त्यांनी गाव, रस्ता आणि दगडावरील अक्षरे एवढे एका पोस्टकार्डावर लिहून पाठविले तरी पुरे. आतापर्यंत अशी नऊ पत्रे आली आहेत. त्यांपैकी पाच भगिनींची आहेत.